स्लीप ॲज अँड्रॉइड : ॲप उत्तम, पण आधी फोन तपासा

झोपेचा आलेख काढणाऱ्या ॲपमध्ये ‘स्लीप ॲज अँड्रॉइड’ हे जुनं आणि चांगलं मुरलेलं ॲप. चेक प्रजासत्ताकातली अर्बनड्रॉइड ही छोटी टीम ते २०१०पासून सांभाळते आहे. गजर, घोरण्याचं रेकॉर्डिंग, झोपेची बाकी (किती तास झोप कमी पडली त्याचा हिशोब), झोप उथळ असताना उठवणं हे सगळं त्यात आहे आणि नीट चालतं. तरीही एकाच ॲपबद्दल एक जण ‘अगदी बरोबर दाखवतं’ म्हणतो आणि दुसरा ‘काहीही दाखवतं’ म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात, कारण मोजमाप ॲप करत नाही, ते फोनमधला सेन्सर करतो.

गादीवर फोन ठेवून मोजायच्या पद्धतीत सगळी भिस्त ॲक्सेलरोमीटरवर, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर असते. अडीच बाय तीन मिलिमीटरच्या चिपमध्ये सिलिकॉनचं एक इवलंसं वजन सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. गादी हलली की ते सरकतं आणि तेवढा विद्युत फरक नोंदला जातो. मात्र काहीच हलत नसतानाही चिपचे आकडे थोडे थरथरत राहतात. हा तिचा स्वतःचा गोंगाट. बॉशच्या बीएमआय१६० या चिपचा गोंगाट कंपनीच्या माहितीपत्रकात १८० मायक्रो-जी प्रति वर्गमूळ हर्ट्झ दिला आहे, तर एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या एलएसएम६डीएसओचा ७० (‘जी’ म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाचा प्रवेग; आकडा जितका लहान तितकी चिप शांत). पन्नास हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांपर्यंतच्या पट्ट्यात हिशोब केला तर पहिलीचा गोंगाट सुमारे १.३ मिली-जी येतो आणि दुसरीचा ०.५. कूस बदलल्याचा धक्का याच्या कितीतरी पट मोठा असल्यामुळे दोन्ही चिपा तो पकडतात. बोटं हलणं, पाय किंचित झटकणं, श्वासाबरोबर गादीचं वरखाली होणं या बारीक हालचाली मात्र साध्या चिपच्या थरथरीत बुडून जातात. ‘गाढ’ आणि ‘उथळ’ यांतली सीमारेषा याच हालचालींवर ठरते, म्हणून घोळही तिथेच होतो.

आपल्या फोनची चिप कशी आहे ते दहा मिनिटांत कळतं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप टाका. त्यातल्या फोनच्या माहितीत सेन्सरचं नाव आणि बनवणारी कंपनी दिसते. मग फोन खोलीच्या फरशीवर पाठीवर ठेवा, पंखा बंद करा, व्हायब्रेशन बंद करा आणि प्रवेगाचा आलेख एक मिनिट चालू ठेवा. उभ्या अक्षावर ९.८च्या आसपास आकडा यायला हवा. बघायची गोष्ट आहे रेघेची जाडी. चांगल्या चिपची रेघ बारीक, जवळजवळ सरळ येते. साध्या चिपची रेघ कुरतडल्यासारखी जाड दिसते. रेघ पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत असेल तर सेन्सरचे टप्पेच ढोबळ आहेत, त्या फोनवर झोपेचे टप्पे मोजायच्या फंदात पडू नका.

फोन चांगला असला तरी गादी आड येऊ शकते. स्प्रिंगच्या गादीतून हालचाल छान पोचते. काथ्याच्या कडक गादीतून कमी पोचते आणि मेमरी फोम ती गिळून टाकतो. जमिनीवर सतरंजी-गोधडी घालून झोपणाऱ्यांसाठी ही पद्धत जवळपास निरुपयोगी आहे, कारण फरशी हलतच नाही. फोन खांद्याजवळ, गादीच्या कडेला, चादरीखाली ठेवायचा. उशीखाली ठेवायचा नाही, चार्जिंगला लावला असेल तर मुळीच नाही, तिथे तो तापतो. एकाच गादीवर दोघं झोपत असतील तर दोघांच्या हालचाली एकाच आलेखात मिसळतात.

अशा घरांसाठी या ॲपमधली ‘सोनार’ पद्धत खरी कामाची आहे, आणि माझ्या मते याच एका गोष्टीसाठी पैसे मोजावेत. फोन स्पीकरमधून माणसाला सहसा ऐकू न येणारा, १८ ते २० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि छातीवरून परतलेला प्रतिध्वनी माईकने टिपतो. फोन शेजारच्या स्टुलावर, छातीच्या उंचीला, हातभर अंतरावर आणि माईक-स्पीकरची बाजू आपल्याकडे करून ठेवायचा. पण इथेही हार्डवेअर आडवं येतं. अनेक स्वस्त फोनचे माईक-स्पीकर १६-१७ किलोहर्ट्झनंतर मंदावतात, काहींमध्ये गोंगाट कमी करणारी यंत्रणा हा आवाजच कापून टाकते. ॲपमधली सेन्सर चाचणी लावा आणि स्वस्थ पडून श्वास घ्या. श्वासाबरोबर आलेख हलला तर फोन चालेल. न हलल्यास आधी कव्हर काढून, माईकचं भोक साफ करून, ब्लूटूथ तोडून परत बघा. फिरत्या पंख्याने आणि हलत्या मच्छरदाणीनेही प्रतिध्वनी बिघडतो. कुत्र्या-मांजरांना हा आवाज ऐकू येतो, तान्ह्या बाळालाही येऊ शकतो, तेव्हा त्यांच्या खोलीत सोनार नको.

पहाटे तीननंतर आलेख कोराच, ही तक्रार मात्र सेन्सरची नाही. अँड्रॉइड ९पासून पार्श्वभूमीतल्या ॲपला सेन्सर सतत वाचता येत नाही, त्यासाठी कायमची सूचना दाखवत चालावं लागतं. त्यावर कित्येक कंपन्यांचं बॅटरी वाचवण्याचं धोरण इतकं कडक असतं की ॲप मध्येच बंद पाडलं जातं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपला ‘निर्बंध नाहीत’ करा, ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा, अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याला कुलूप लावा.

आता आलेखावर किती विसंबायचं? किती वाजता आडवे झालो, किती वेळा चाळवलो, किती वाजता उठलो, एवढं चांगल्या फोनवर भरवशाचं. मात्र डोळे टक्क उघडे ठेवून निपचित पडलेल्या माणसालाही हालचालीवर चालणारी ही पद्धत झोपलेलाच समजते, म्हणून निद्रानाश असलेल्यांचे झोपेचे तास फुगलेले दिसतात. स्वप्नांची झोप म्हणून दाखवलेला पट्टा तर अंदाजच आहे. प्रयोगशाळेत ती ओळखायला मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण एकत्र मोजावे लागतात.

कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडी मोजणाऱ्या ॲपचंही थोडक्यात असंच. बोट हलकं टेकवलं तर नाडीचा आकडा बरा येतो, जोरात दाबलं तर रक्तच सरकतं आणि आकडा बिघडतो. रक्तातला ऑक्सिजन मात्र असा मोजू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ६६० आणि ९४० नॅनोमीटर अशा दोन प्रकाशांची तुलना करतो. फोनच्या फ्लॅशमधून त्यातला दुसरा, अवरक्त प्रकाश निघत नाही आणि कॅमेऱ्यापुढची गाळणीही तो अडवते.

उलट घोरण्याचं रेकॉर्डिंग साध्या माईकवरही उत्तम होतं. मोठं घोरणं, मग काही सेकंद शांतता आणि एकदम धापेसारखा श्वास असं त्यात वारंवार ऐकू आलं, तर आलेख बाजूला ठेवा आणि ते रेकॉर्डिंग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ऐकवा.