स्वस्तातली ‘दोन टीबी’ ड्राइव्ह आणि हातचं गेलेलं फुटेज

लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथे कॉलेजची पोरं आणि हौशी टीम वर्गणी काढून लघुपट करतात. कॅमेरा भाड्याने, साउंड रेकॉर्डर भाड्याने, गाडीचं डिझेल, जेवण. हे सगळं भागवून जे उरतं त्यात हार्ड ड्राइव्ह घेतली जाते. फसवणारा नेमका इथेच गाठतो.

उदगीरकडच्या एका टीमचं झालं ते असं. ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘दोन टीबी पोर्टेबल एसएसडी’ (चिप-मेमरीची वेगवान ड्राइव्ह) दीड-दोन हजारांत मिळाली. शूटिंग तीन दिवसांचं, कॅमेरे दोन, फोर-के, सेकंदाला 25 फ्रेम, बिटरेट 100 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट डेटा. या बिटरेटला मिनिटाला 750 एमबी, म्हणजे तासाला 45 जीबी लागतात. एकूण आठ तासांचं फुटेज, म्हणजे सुमारे 360 जीबी. दोन टीबीच्या, म्हणजे सुमारे दोन हजार जीबीच्या, मानाने हे काहीच नव्हे. रोज संध्याकाळी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कॉपी व्हायचं, फाइलींची नावं दिसायची, आकडे जुळायचे, पहिल्या दोन क्लिप चालवून बघितल्या जायच्या आणि दुसऱ्या दिवसासाठी कार्ड फॉरमॅट व्हायचं. एडिटरने ड्राइव्ह लावली तेव्हा पहिल्या सव्वा-दीड तासाचं फुटेज चाललं. पुढची एकही क्लिप उघडली नाही. आत खरी मेमरी 64 जीबीची होती.

असल्या ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे ती चालवणाऱ्या चिपमध्ये, आकडा खोटा भरलेला असतो. कॉम्प्युटर विचारतो, जागा किती? ती सांगते, दोन टीबी. फाइलींची यादी साधारणपणे ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या मेमरीत बसते. म्हणून नाव, तारीख, साइज सगळं बरोबर दिसतं. खरी मेमरी भरल्यावर आलेला डेटा काही ड्राइव्ह सरळ टाकून देतात, तर काही पुन्हा पहिल्यापासून लिहीत जुन्या डेटावर नवा चढवतात. पहिल्या प्रकारात सुरुवातीच्या क्लिप शाबूत राहतात, दुसऱ्यात शेवटच्या. कॉपी करताना एररचा मेसेज सहसा येत नाही. त्यातून बऱ्याच कॅमेऱ्यांच्या एमपी-फोर फाइलीत क्लिप वाचण्यासाठी लागणारी माहिती फाइलच्या शेवटी लिहिली जाते. शेपूट गेलं की अख्खी क्लिप उघडत नाही.

ड्राइव्ह आल्याच्या दिवशीच, परत करायची मुदत चालू असताना, ती रिकामी ठेवून पूर्ण तपासा. विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’, मॅक किंवा लिनक्सवर ‘एफ-थ्री’. दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून बघतात. सेकंदाला 100 एमबी वेग धरला तर दोन टीबी लिहायला साडेपाच तास आणि वाचायला तेवढेच, म्हणून रात्रभर लावून ठेवा. वेग 30-40 एमबीच्या वर जात नसेल तर तिथेच संशय घ्या. असल्या खोट्या एसएसडीच्या डबीत बहुतेकदा साधा कार्ड रीडर आणि मायक्रो एसडी कार्ड चिकटवलेलं असतं. पण डबी स्वतः उघडू नका, विक्रेता तेच कारण सांगून परत घ्यायला नकार देतो.

ड्राइव्ह खरी निघाली तरी सेटवरची शिस्त ढिली चालत नाही. भरलेलं एसडी कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की बाजूचं लॉक खाली करायचं आणि त्यावर टेप लावून ‘ए001’, ‘बी001’ असा नंबर टाकायचा. आतलं फोल्डर जसंच्या तसं, ‘प्रायव्हेट’ किंवा ‘डीसीआयएम’सकट, उचलायचं. फक्त व्हिडिओ फाइली वेचून घेतल्या तर सोबतची एक्सएमएल माहिती (क्लिपची तांत्रिक नोंद) मागे राहते. कॅमेऱ्याने दिलेली नावं बदलायची नाहीत. दिवस, मग कॅमेरा, मग कार्ड नंबर, एवढी फोल्डरची उतरंड पुरते. साउंड वेगळ्या फोल्डरमध्ये. कॉपी दोन ड्राइव्हवर घ्यायची, आणि ती ओढून टाकून नाही, चेकसम जुळवून, म्हणजे मूळ आणि कॉपी यांच्या डेटावरून काढलेला आकडा एकच येतो का ते बघून. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग प्रोग्रॅमच्या फुकट आवृत्तीतही मीडिया पेजवर अशी कॉपी करणारं क्लोन टूल आहे. विंडोजवर टेराकॉपी या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमचा व्हेरिफाय पर्याय चालतो.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कॉपी झाल्या झाल्या केलेली पडताळणी कधीकधी ड्राइव्हऐवजी कॉम्प्युटरच्या रॅममधून वाचली जाते आणि खोटी ड्राइव्हही पास होते. म्हणून ड्राइव्ह इजेक्ट करून काढा, पुन्हा लावा, परत पडताळा. मग वेगवेगळ्या फोल्डरमधल्या क्लिप सुरुवात, मध्य आणि शेवट अशा चालवून बघा. हे झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होता कामा नये, आणि फॉरमॅटचा अधिकार एकाच माणसाकडे हवा. खेड्यात शूटिंग असेल तर लाइट कधीही जाते. कॉपी लॅपटॉपच्या भरलेल्या बॅटरीवर करा आणि स्वतःची पॉवर लागणारी डेस्कटॉप ड्राइव्ह वापरू नका. मे महिन्यात लॅपटॉप बंद गाडीत ठेवू नका.

दुसरी फसवणूक माणसाकडून होते. ‘साउंड सिंक, प्रॉक्सी (एडिटिंगसाठीच्या हलक्या कॉपी), फोल्डर सगळं लावून देतो’ म्हणत कोणी ड्राइव्ह घेऊन जातो आणि परत येतात त्या त्याच नावाच्या, पण पुन्हा दाबून (कॉम्प्रेस करून) बनवलेल्या फाइली. ओरिजिनल मागितल्या की जादा पैसे. प्रॉक्सी हलकीच असते, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते ती ओरिजिनल म्हणून गळ्यात मारणं. ‘मीडिया इन्फो’ या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल टाका. शूटिंग 10 बिट 4:2:2 असताना 8 बिट 4:2:0 (म्हणजे रंगाची कमी माहिती) दिसलं, मिनिटाला 750 एमबीऐवजी 90 एमबी भरलं, किंवा रायटिंग अ‍ॅप्लिकेशनच्या रकान्यात हँडब्रेक किंवा ‘एलएव्हीएफ’ अशी व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमची नावं आली, तर ती कॅमेऱ्याची फाइल नव्हे. प्रॉक्सीचं नाव, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा), फ्रेम रेट आणि ऑडिओ चॅनेल ओरिजिनलशी जुळले नाहीत तर ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग सुधारण्याच्या, वेळी ओरिजिनलशी लिंक बसत नाही. मोबाइलच्या बदलत्या फ्रेम रेटच्या क्लिप मात्र 25 वर स्थिर करून घ्याव्याच लागतात, नाहीतर आवाज सरकत जातो. तिथेही मूळ फाइल परत मिळाली पाहिजे. बाहेर काम देताना दुसरी कॉपी द्या, एकुलती एक कधीच नाही. काय काय परत मिळणार हे आगाऊ पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

नुकसान झाल्यावर तिसरा भेटतो, ‘शंभर टक्के रिकव्हरी’वाला. खोट्या ड्राइव्हवर जो डेटा लिहिलाच गेला नाही तो कोणतीही लॅब आणू शकत नाही, त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. आशा असते ती कार्डात. साध्या फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते. त्यावर नवीन शूट झालं नसेल तर कार्ड लॉक करून बाजूला काढा आणि फोटोरेक हा पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवून बघा. सापडलेलं दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवा. फाइलींची नावं जातात आणि तुकड्यांत लिहिलेल्या क्लिप अर्धवट येतात. कॅमेऱ्यात लो-लेव्हल फॉरमॅट (यादीसोबत डेटाही पुसणारा) केला असेल तर मात्र फार आशा धरू नका.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, पैशांची ऑनलाइन फसवणूक असेल तर 1930. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि टेस्टच्या निकालाचा स्क्रीनशॉट लागेल. शूटिंगचा खर्च मागायचा असेल तर कॅमेरा भाड्याच्या पावत्या आणि कॉल शीटही जोडा. आणि वापरलेल्या ड्राइव्हवर टेस्ट लावण्याआधी जे उघडतंय ते आधी दुसरीकडे काढून घ्या, कारण टेस्टचा डेटा त्या वाचलेल्या क्लिपवरही चढू शकतो.