शिवणाची मासिकं: आठ महिने वापरल्यावर

मी हौसेने शिवते. गेल्या आठ महिन्यांत ‘बुर्डा स्टाईल’, फिनलंडचं ‘ओटोब्रे’ आणि ‘थ्रेड्स’चे जुने अंक भरपूर वापरले.

१९५० साली सुरू झालेल्या ‘बुर्डा’त पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने, चिक्कार, पण सगळे मोठ्या कागदांवर एकमेकांवर छापलेले. पहिल्यांदा उलगडल्यावर नुसत्या रेघाच दिसतात. कडेला छापलेला भागाचा नंबर शोधायचा आणि तिथून सरळ आत यायचं, म्हणजे त्याच रंगाच्या रेघेवर तोच नंबर सापडतो. मी आधी माझ्या मापाची रेघ हायलायटरने गिरवते, मगच बटर पेपर पसरते. पूर्वी एक टॉप उतरवायला अख्खी दुपार जायची, आता पाऊण तास पुरतो.

‘बुर्डा’ आणि ‘ओटोब्रे’, दोन्हींच्या पॅटर्नमध्ये शिलाईचं मार्जिन, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचं जास्तीचं कापड, धरलेलं नसतं. पहिल्या टॉपला मी ते सोडलंच नाही. मुंढ्यातून हात जाईना, चांगलं कॉटन वाया गेलं. तेव्हापासून शिलाईला दीड सेंटिमीटर आणि खालच्या दुमडीला चार, हे कात्री हातात घेण्याआधी खडूने आखते. उंचीचंही तसंच. ‘बुर्डा’ची नेहमीची मापं १६८ सेंटिमीटर उंचीवर बेतलेली, माझी उंची १५४. नुसतं खालून कापलं तर कंबर खाली येते, म्हणून पॅटर्नला कमरेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे घडी घालते.

लहान मुलांसाठी शिवायचं असेल तर ‘ओटोब्रे’च घ्या. मापं मुलाच्या उंचीवर असतात, त्यामुळे वयाचा अंदाज बांधावा लागत नाही. होजिअरीचं कापड शिवायला मी त्यातूनच शिकले.

‘थ्रेड्स’ पॅटर्नसाठी घेऊ नका, ते तंत्राचं मासिक आहे. बाही मुंढ्यात चुण्या न पडता कशी बसवायची, अस्तर कसं लावायचं, हे त्यात इतकं नीट दाखवतात की जुना अंकही तितकाच कामाचा. माझ्या मशीनशेजारी कायम तेच असतात.

अंक घेताना फोटोंवर जाऊ नका. गडद प्रिंट, पट्टा, मॉडेलची पोझ यांत कपड्याची बेतणी लपते. प्रत्येक डिझाइनचं रेखाचित्र दिलेलं असतं, त्यात टक्स, जोड, चेन सगळं कळतं. मी आधी तेच पान उघडते. स्वतःसाठी खरंच शिवेन असे तीन कपडे दिसले तरच अंक घेते. वर्षाची वर्गणी मात्र आता भरत नाही. वर्गणीतून आलेले निम्मे अंक न उलगडताच पडून राहिले होते.