बॅकग्राउंड इमेज: सीएसएस फाइलमध्ये की पीएचपीतून?

वेबसाइटच्या हेडरचा फोटो सीएसएस फाइलमध्ये (पानाची सजावट ठरवणारी फाइल) लिहावा की पीएचपीने (सर्व्हरवर पान तयार करणारी भाषा) पानातल्या टॅगच्या स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटमध्ये छापावा, असा पेच एका मैत्रिणीला पडलाय.

फोटो दिसत नसेल तर आधी पाथ (फोटोच्या फाइलचा पत्ता) बघा, कारण गोंधळ बहुतेकदा तिथेच असतो. सीएसएस फाइलमधला रिलेटिव्ह पाथ (सुरुवातीला स्लॅश नसलेला) त्या फाइलच्या फोल्डरपासून मोजला जातो, पीएचपीने छापलेला पानाच्या यूआरएलपासून. म्हणूनच होमपेजवर दिसणारा फोटो आतल्या पानांवर गायब होतो. सुरुवातीला स्लॅश देऊन रूटपासूनचा पाथ लिहा. लिनक्स सर्व्हरवर नावातलं कॅपिटल-स्मॉलही तंतोतंत जुळायला हवं.

वेगात सीएसएस सरस, कारण ब्राउझर ती फाइल साठवून ठेवतो. पण त्यामुळेच बदल करूनही जुना फोटो दिसत राहतो. सीएसएस फाइलच्या लिंकला व्हर्जन नंबर जोडा. मोबाइलसाठी वेगळा फोटो हवा असेल तरीही सीएसएसच, कारण इनलाइन स्टाइलमध्ये (म्हणजे स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटमध्ये) मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या आकारानुसार स्टाइल बदलणारा नियम, चालतच नाही.

डिझाइन ठरलेलं असेल तर सीएसएस. प्रत्येक पानाचा फोटो डेटाबेसमधून येत असेल तर पीएचपीच, पण तिथे नुसतं 'बॅकग्राउंड' नको, 'बॅकग्राउंड-इमेज' लिहा. नाहीतर सीएसएसमधला 'कव्हर' (फोटोने पूर्ण जागा व्यापावी असं सांगणारी सेटिंग) पुसला जातो.