जुना बाजार: काळा रंग दिसला की पुढे चला

“मिस्टरांसाठी बघताय का?” पहिलं वर्षभर हा प्रश्न मी दर रविवारी ऐकला. कानस उजेडात धरून तिचे दात बघणारी बाई नवऱ्यासाठीच खरेदी करत असणार, असं तिथे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. चार वर्षांनी “ताई, तुमच्यासाठी डबा बाजूला ठेवलाय” इथवर प्रगती झाली आहे. भाव मात्र अजून मिस्टरांचाच सांगतात.

जुना बाजार पुणेकरांना सांगायला नको. कुंभारवेशीजवळ, मंगळवार पेठेच्या अंगाला, रविवारी आणि बुधवारी भरतो. नाणी, बूट, कोट, घड्याळं, मोबाइलचे सांगाडे असं सगळं असतं. त्यातलं मला काही कळत नाही. मी फक्त हत्यारं आणि भंगार लोखंड यांच्याबद्दल लिहिते आहे. औंधच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, भोसरीत एका फॅब्रिकेटरकडे ड्रॉइंग काढते, आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पूर्वीची कोळशाची खोली आहे ती माझं वर्कशॉप. आठ बाय सहा. दुसरं माणूस आत आलं की एकाला बाहेर जावं लागतं. खोलीतलं जवळजवळ सगळं सेकंडहँड आहे. गॉगल, हातमोजे आणि ग्राइंडरची चाकं तेवढी नवी. चाक जुनं कधी घेऊ नका, दिसायला कितीही कोरं असो. आत केसाएवढी चीर असली तरी फिरताना फुटतं आणि तोंडावर येतं.

या बाजारात गंजलेली वस्तू घ्यावी, रंगवलेली घेऊ नये, हे मी पैसे मोजून शिकले. वाईस, म्हणजे वस्तू जबड्यात आवळून धरायचं हत्यार, घ्यायला निघाले तेव्हा बाजारापर्यंत आलेच नाही. वाटेत दुसऱ्याच एका दुकानात काळाकुळकुळीत रंगवलेला, ग्रीस चोपडलेला वाईस दिसला आणि भुलले. बावीसशे दिले. दुसऱ्या दिवशी सळई वाकवायला आवळला तर मागच्या बाजूने खपली निघाली. आत एमसील. बीडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, पडलेली बोटभर चीर भरून वर रंग मारलेला होता. परत न्यायला गेले तर “विकलेला माल आमचा नाही.” चूक माझीही होतीच. कुंभारवेशीत माठ घेताना टिचकी मारल्याशिवाय आपण पैसे काढत नाही, आणि इथे पंधरा किलो बीड न वाजवता घरी आणलं. बीडाच्या कोणत्याही वस्तूला छोट्या हातोडीने हलकं ठोकायचं. खणखणीत वाजली तर ठीक. चीर असेल तर आवाज बसका, फुटक्या माठासारखा येतो. तेव्हापासून पर्समध्ये शंभर ग्रॅमची हातोडी असते. मेट्रोच्या तपासणीत एकदा तिच्यावरून बराच संवाद झाला.

आता खऱ्या वाईसकडे येते. रविवारी सकाळी साडेनऊला, एका चाचांच्या ताडपत्रीवर, गिझरच्या दोन टाक्यांच्या मधे पडला होता. चार इंची, दांडा गायब, जबडा पूर्ण जाम, जबड्यावर स्क्रूने बसणाऱ्या दोन जबडपट्ट्यांपैकी एक नाही. रंग म्हणाल तर विटेचा. अंगठ्याने घासलं तर ‘शेफिल्ड’ची अर्धी अक्षरं वर आली. हातोडीने ठोकला, देवळातल्या घंटेसारखा नाही पण स्वच्छ वाजला. चाचा म्हणाले अठ्ठावीसशे. मी म्हटलं, “चाचा, हा उघडत नाही.” ते म्हणाले, “उघडला असता तर चार हजार सांगितले असते.” या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिझरच्या टाक्यांचा भाव विचारला, शेजारच्या ताडपत्रीकडे चार पावलं गेले, परत आले, सतराशेला तुटलं. रिक्षापर्यंत त्यांच्या नातवाने उचलून आणला, त्याचे वेगळे वीस.

तीन दिवस डिझेलमध्ये भिजवला, मग दांड्याच्या भोकात सळई घालून हलवत राहिले. चौथ्या दिवशी कर्रर्र करून पाव फेरा फिरला. पुढचा स्क्रू बाहेर आला तेव्हा मी अक्षरशः पायरीवर बसले. आतलं ग्रीस सुकून जुन्या गुळासारखं झालं होतं, आणि त्या गुळाखाली चौकोनी आटे जसेच्या तसे, कडा शाबूत. जाम झाला म्हणून कोणी वापरला नाही, आणि वापरला नाही म्हणून झिजला नाही.

गंज काढायला मी सोड्याची पद्धत वापरते. प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाणी, धुण्याच्या सोड्याचे तीन मोठे चमचे. वस्तूला बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह टोक, बाजूला बांधकामाची भंगार सळई लटकवून तिला पॉझिटिव्ह. चार्जर जुना बिनडोक हवा. हल्लीचे हुशार चार्जर समोर बॅटरी दिसली नाही की चालूच होत नाहीत. थोड्या वेळात वस्तूवर बारीक बुडबुडे येतात आणि पाण्यावर तपकिरी फेस जमतो, अगदी उतू चाललेल्या चहासारखा. हे बुडबुडे हायड्रोजनचे, त्यामुळे उघड्यावरच करायचं, जवळ विडी-काडी नको. सळईच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा कोणी सुचवला तर ऐकू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आमच्या वाड्याच्या चौकात हा टब एक अख्खा दिवस होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारलं, “काय शिजतंय?”

खरा घोळ जबडपट्टीच्या स्क्रूंनी घातला. भोकात सहा एमएमचा स्क्रू घातला तर आत जातो, पण डुगडुगतो. इंग्लंडचा माल, आटे पाव इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचे: जाडी ६.३५ एमएम, इंचाला वीस आटे, आट्याचा कोन ५५ अंश. आपल्या मेट्रिकचा कोन ६०. जबरदस्तीने आवळला तर जुने आटेही जातात. पुढच्या बुधवारी हाफ डे टाकून गेले आणि एका बिस्किटाच्या डब्यात, तुटक्या ड्रिल बिटांच्या खाली, पाव इंची टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मिळाला. वीस रुपये. विकणाऱ्याला तो कसला तरी स्क्रू वाटला होता. तोच टॅप फिरवून भोकं साफ केली. स्क्रू नवे आणले, बोहरी आळीतून. इंचाचा माल मागितला की तिथे अजून कोणी तोंडाकडे बघत बसत नाही.

असे बिस्किटाचे डबे हेच इथलं खरं धन. ताडपत्रीच्या पुढच्या ओळीत पान्यांचे सेट आणि चकचकीत पकडी मांडलेल्या असतात, त्या बघायच्याही नाहीत. मागे डबे असतात. त्यात हात घालायचा, हातमोजा घालून. मला दहा-दहा रुपयांत कानशी मिळाल्या आहेत. दात बोथट असले तरी पोलाद चांगलं असतं, घासून त्यांच्या स्क्रेपर आणि मार्किंगच्या सुया होतात. एक गुण्या मिळाला, घरी तपासला तर काटकोनात अर्ध्या एमएमची चूक. तो आता कागद दाबायला आहे.

विजेच्या हत्यारांबाबत माझं मत वाईट आहे. रस्त्यावर प्लग नसतो, त्यामुळे चालवून बघता येत नाही, आणि “घरी लावा, चालणार” यावर हजार रुपये कोण टाकणार? मी टाकले होते. ड्रिल चाललं, पण धातूच्या बॉडीचं आणि अर्थिंगची वायर आतून कापलेली. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. घ्यायचंच असेल तर आधी उघडून वायर बघा, विकणारा उघडू देत नसेल तर राहू द्या.

ऐरणीचंही सांगते, कारण नव्या लोकांना तोच पहिला मोह होतो. शहराबाहेरच्या एका भंगारवाल्याने मला रुळाचा तुकडा दाखवला, फूटभर. उचलवेना. मीटरला साठ किलोचा रूळ असेल तर फुटाला अठरा किलो होतातच. ऐरण म्हणून झकास. पण रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६चा स्वतंत्र कायदा आहे, आणि संशय आला तर तो आपल्याकडे रीतसर आला हे आपल्यालाच दाखवावं लागतं. पावती मागितली तर तो हसला. मी निघाले. माझी ऐरण म्हणजे कंपनीतल्या फोर्कलिफ्टच्या तुटलेल्या काट्याचा तुकडा आहे, भंगाराच्या भावाने, गेटपाससकट.

बाकी सोयी म्हणाल तर नाहीत. गाडी नेऊ नका, मंगळवार पेठ मेट्रो स्टेशनवरून चालत या. दहाच्या आत पोचा. अकरानंतर ऊन आणि खांदे दोन्ही लागतात. सुटे पैसे ठेवा. बायकांसाठी स्वच्छतागृह हा विषय मी इथे काढत नाही, चिडचिड होते. पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्यासाठी कापलाय.

वाईसची हरवलेली पट्टी अजून सापडलेली नाही. तूर्त कमानपाट्याचा तुकडा लाल करून रात्रभर राखेत थंड होऊ दिला, तेव्हा कुठे त्यात ड्रिल शिरलं, तो बसवलाय. चालतो, पण एका बाजूला आरी, म्हणजे बारीक दाते, पाडलेली मूळ पट्टी आणि दुसरीकडे ट्रकचा पाटा, दिसायला सवतीसारखं दिसतं. चार इंची, दोन भोकांची, आरी पाडलेली पट्टी कुणाला डब्यात दिसली तर घेऊन ठेवा, पैसे देते. फक्त कुणासाठी हवी आहे ते चाचांना सांगू नका.