काखेतीची ‘सगळं धरून’ वाइन-टूर: 60 लारींचे 270 कसे होतात

जॉर्जियाची राजधानी त्बिलिसीच्या जुन्या भागात, मेइदानच्या आसपास आणि फ्रीडम स्क्वेअरला, फोटोंचे बोर्ड घेऊन टूर विकणारे दिवसभर उभे असतात. त्यातले बरेचसे सरळ धंदा करतात. हा मजकूर बाकीच्यांबद्दल आहे. काखेती या वाइनच्या प्रांताची एका दिवसाची सहल, बोद्बेचा मठ, सिघनाघी गाव, घरगुती तळघरात आठ वाइन, जेवण आणि इंग्रजी बोलणारा गाइड, सगळं धरून माणशी 60 लारी. एक लारी म्हणजे तिसाच्या थोडे वर रुपये, म्हणजे दोन हजारांच्या आतबाहेर. आकडा ऐकून कुणालाही शंका येत नाही, कारण तो खोटा नसतोच. मोठ्या गाडीतल्या सहली साधारण याच भावात सुटतात. फक्त त्यात जेवण नसतं आणि वाइन दोन-तीनच चाखायला मिळतात.

नाशिकच्या चौघांचा हिशेब पाहा. त्यांनी बिलं फेकली नाहीत म्हणून तो मांडता येतो. चौघांचे ठरलेले 240 लारी. त्यातले 120 रस्त्यावरच रोख घेतले, पावती नाही, उरलेले गाडीत. मग मठाचं ‘तिकीट’ म्हणून माणशी 10, म्हणजे 40. तळघरात पहिल्या तीन वाइन फुकट आणि पुढच्या पाच ‘रिझर्व्ह’, दर घोटाला 12 लारी, चौघांचे 240. जेवणात ठरलेलं म्हणजे पाव आणि काकडी-टोमॅटोचं सॅलड. त्यापुढे दोन खाचापुरी (चीज भरलेल्या रोट्या) 56, दोन प्लेट म्त्स्वादी (सळईवर भाजलेलं मांस) 64, एक लिटर वाइनचा जग 45, चार पेले चाचा (कडक दारू) 40, आणि टेबलाशी येऊन गाणाऱ्यांचे 60. बेरीज 265, त्यावर 18 टक्के सर्व्हिस, एकूण 312.70. शेवटी प्रत्येकी 65 लारींच्या चार बाटल्या, 260. ठरलेल्या 240 वर आणखी 852.70 गेले आणि दिवस 1,092.70 लारींना पडला. माणशी 60 ऐवजी 273.

यात कुणी खिसा कापला नाही. प्रत्येक रक्कम हसतखेळत, ‘वेलकम, वेलकम’ म्हणत घेतली गेली. म्हणूनच नंतर तक्रार करायला जागा उरत नाही.

सुरुवात वेळेपासून होते. त्बिलिसी ते सिघनाघी सुमारे 110 किलोमीटर, एका बाजूला पावणेदोन ते दोन तास. त्यामुळे ‘पाच तासांत काखेती’ असं कुणी विकत असेल तर तिथे उणापुरा एक तास मिळणार, एवढं गणित करून ठेवा. या चौघांना सांगितलेला वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असा होता. गाडी भरेपर्यंत साडेअकरा वाजले, आणि वाटेत पावाच्या दुकानाशी, मधाच्या दुकानाशी, चुर्चखेलाच्या, म्हणजे अक्रोडाच्या गोड कांड्यांच्या, दुकानाशी थांबे झाले. पावाचा थांबा वाईट नसतो. तोनेच्या उभ्या भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेला शोतीचा पाव गरम खाण्यासारखाच असतो. पण प्रत्येक थांब्यावर चालकाला कमिशन आहे, आणि कमिशनचे थांबे आधी उरकले की कापला जातो तो सिघनाघीचा वेळ. गावाभोवती अठराव्या शतकात राजा एरेक्ले दुसरा याने बांधलेली तटबंदी आहे, 23 बुरुजांची. ती चालत पाहायची तर दीड तास हवा. यांना मिळाली 25 मिनिटं. ज्या ‘इंग्रजी गाइड’चं आश्वासन होतं तो चालकच निघाला. त्याला रशियन छान येत होतं.

मठाच्या तिकिटाचं तर सरळ सांगता येतं. बोद्बेला, जिथे संत निनोची समाधी आहे, दर्शनाला तिकीट लागत नाही. म्त्सखेता गावातल्या स्वेतित्सखोवेली चर्चला नाही, ज्वारी मठाला नाही. डोक्याला बांधायचे रुमाल आणि कमरेला गुंडाळायचे कपडे दाराशी ठेवलेले असतात, तेही फुकट. पुरुषांनी हाफपँट घालू नये एवढंच. तिकीट असतं ते संग्रहालयांना, म्हणजे त्सिनांदालीचा वाडा किंवा सिघनाघीचं संग्रहालय, आणि तिथे खिडकीवर दर लिहिलेला असतो, छापील तिकीट मिळतं. गाइडने हातात पैसे मागितले तर ‘तिकीट दाखवा, खिडकीवर आम्हीच भरतो’ एवढं म्हणावं.

खरी गोम तळघरात आहे. जॉर्जियन भाषेत मरानी. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले अंड्याच्या आकाराचे मातीचे मोठे रांजण म्हणजे क्वेव्री, आणि ही वाइन करण्याची रीत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2013 पासून आहे. काखेतीच्या पद्धतीत द्राक्षाचा रस साली, बिया आणि देठांसकट क्वेव्रीत पाच-सहा महिने राहतो. दिखाऊ तळघरात जमिनीत क्वेव्रीची नुसती तोंडं सिमेंटमध्ये बसवलेली असतात. रांजण रिकामा दिसला म्हणून लगेच फसवणूक समजू नका. वसंतात वाइन काढून दुसरीकडे भरली की खराही रिकामाच असतो. वाकून आत पाहा आणि वास घ्या. वापरातला रांजण रिकामा असला तरी धुतलेला असतो, आतून मेणाचा हात असतो, ओल्या मातीचा आणि थोडा गंधकाचा वास येतो. शेजारी लांब दांड्याचा ब्रश, पाइप, पंप, झाकणाचे दगड किंवा काचा पडलेल्या दिसतात. दिखाऊ रांजणात धूळ, वाळकी पानं आणि पर्यटकांनी टाकलेली नाणी. ‘यातला भरलेला कोणता?’ एवढा एक प्रश्न विचारा. खरा वाइनवाला खूश होऊन दाखवायला नेतो.

‘आमचं तळघर 8000 वर्षांचं’ हे वाक्य सर्रास ऐकू येईल. आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश सापडले ते त्बिलिसीच्या दक्षिणेला, क्वेमो कार्तलीत, गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथल्या उत्खननातल्या खापरांवर. काखेतीतल्या कुणाच्या तळघराशी त्याचा संबंध नाही.

चाखण्याचा क्रमही पाहा. रीतसर क्रम म्हणजे आधी कोरडी (गोडवा नसलेली) पांढरी, मग सालीसकट केलेली अंबरी, मग कोरडी लाल, मग अर्धगोड, आणि अगदी शेवटी चाचा. चाचा म्हणजे वाइन काढल्यावर उरलेल्या चोथ्याची दारू. घरगुती चाचा 50 टक्क्यांपर्यंत आणि कधी त्यापुढेही जाते. दुकानदार ‘स्वागताची’ म्हणून तीच पहिली पाजतो. त्यानंतर जिभेला काही कळत नाही, हात मात्र सढळ होतो. पहिला पेला बाजूला ठेवा आणि ‘शेवटी घेतो’ म्हणा. यात कुणाचा अपमान होत नाही.

आता गोड वाइनबद्दल, कारण आपली मंडळी इथेच जास्त सापडतात. किंद्झमारौली हे संरक्षित नाव आहे: क्वारेली भागातली सापेरावी द्राक्षं, नैसर्गिक अर्धगोड लाल वाइन. ख्वांचकारा तर काखेतीची नाहीच. ती पश्चिमेकडच्या राचात, अलेक्सांद्रौली आणि मुजुरेतुली या द्राक्षांची होते. म्हणजे सिघनाघीच्या रस्त्यावर कुणी ‘आमच्या मळ्यातली ख्वांचकारा’ ओतत असेल तर तिथेच निकाल लागला. शिवाय नैसर्गिक अर्धगोड वाइन करायची तर साखर संपायच्या आत थंड करून आंबणं थांबवावं लागतं, मग गाळून ती स्थिर ठेवावी लागते. घरच्या रांजणात हे जमत नाही; तिथे वाइन आंबत आंबत कोरडी होते. प्लॅस्टिकच्या कॅनमधून येणारी घरगुती अर्धगोड म्हणजे बहुतेक वेळा कोरड्या वाइनमध्ये मागाहून घातलेली साखर. याउलट र्कात्सितेली या पांढऱ्या द्राक्षाची खरी अंबरी पहिल्या घोटाला कडक उकळलेल्या कोऱ्या चहासारखी तुरट लागते. ती आवडली नाही तरी हरकत नाही, पण क्वेव्रीची म्हणून गोड, गुळमुळीत पांढरी पुढे आली तर ती क्वेव्रीची नव्हे.

बाटली मातीची असेल तर आतला रंगही दिसत नाही, पातळीही दिसत नाही. पैसे मातीचे पडतात. काचेच्या बाटलीवर उत्पादकाचं नाव, द्राक्षाचं पीकवर्ष, अल्कोहोलची टक्केवारी आणि लॉट क्रमांक छापलेला हवा. या चौघांच्या 65 लारींच्या बाटल्यांवर यातलं फक्त नाव होतं, तेही रंगीत प्रिंटरवर काढलेलं. शहरातल्या सुपरमार्केटमध्ये नीट लेबलची सापेरावी किंवा किंद्झमारौली साधारण 20 ते 40 लारींत मिळते. तळघरातून घ्यायची तर तिथेच केलेली आणि बाहेर न मिळणारी घ्या, नाहीतर घेऊ नका.

चुर्चखेलाचं थोडक्यात: अक्रोड दोऱ्यात ओवून, द्राक्षाच्या रसात पीठ शिजवून केलेल्या लापशीत बुडवून वाळवतात. खरी मातकट, धुरकट रंगाची, वाकवली तर लवचीक असते. भडक रंगाची दिसली की साखरपाणी आणि रंगाची शंका घ्या, आणि विकत घेण्याआधी एक कापून दाखवायला सांगा. काही ठिकाणी आत अक्रोड दोनच असतात, दोन्ही टोकांना.

जेवणात मेनूवर दर नसतील तर काही मागवूच नका. ‘शेफ देईल ते’ हा सुप्रा, म्हणजे मेजवानी, घरच्या पाहुण्याला शोभतो. हॉटेलात त्याचं बिल होतं. सर्व्हिस चार्ज बऱ्याच ठिकाणी लागतोच, 10 ते 18 टक्के, आणि तो मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. गाणारे टेबलाशी आले की आधी विचारा की त्यांचे पैसे कोण देणार. पेला उंचावून आग्रहाने म्हटलेला प्रत्येक टोस्ट म्हणजे बिलावर एक ओळ. अंदाजासाठी, साध्या जागी एक खिंकाली (सारण भरून उकळलेली पिठाची पुरचुंडी) दीड ते अडीच लारी, एक खाचापुरी 15 ते 25.

शाकाहारी मंडळींना इथे दुहेरी फटका बसतो: पैसे पूर्ण आणि ताटात पाव-काकडी. वास्तविक अक्रोडाच्या वाटणातली वांगी म्हणजे बद्रिजानी, पालक किंवा बिटाची प्खाली, मडक्यातला राजम्याचा लोबिओ, मक्याची म्चादी असं भरपूर मिळतं. हे पदार्थ नावानिशी लिहून घ्या. ‘समारख्वो’ म्हणजे उपासाचं, मांस-अंडी-दूध नसलेलं, हा शब्द स्वयंपाकघरात लगेच कळतो. लोबियानीत राजमा असतो, पण राचाच्या प्रकारात हॅमही असतं. मशरूम किंवा बटाट्याची खिंकाली बहुधा मांसाच्या खिंकालीच्याच पाण्यात उकळतात. चालणार नसेल तर आधी विचारा.

पैसे देण्याआधी व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवा आणि त्यावर ‘हो’ आल्याशिवाय एक तेत्रीही (लारीचा शंभरावा भाग) देऊ नका. मजकूर साधारण असा: चार माणसं, एकूण 240 लारी, यात वाहन, चालकाव्यतिरिक्त इंग्रजी बोलणारा गाइड, अमुक नावाच्या तळघरात आठ वाइन, त्यातली एकही पैसे घेऊन नाही, जेवणात हे चार पदार्थ, सर्व्हिस चार्ज धरून, निघणं दहाला, सिघनाघीत किमान 90 मिनिटं, खरेदीचे थांबे जास्तीत जास्त एक. ज्याचं सगळंच बोलाचीच कढी, बोलाचाच भात आहे तो या मेसेजला उत्तर देत नाही किंवा ‘डोन्ट वरी’ म्हणतो. तिथूनच परत फिरा. सरळ माणूस काही ओळी खोडून, भाव वाढवून उत्तर देतो, आणि तो वाढलेला भाव शेवटी स्वस्त पडतो.

वेळ खरोखर अर्ध्या दिवसाचाच असेल तर काखेतीचा नाद सोडा. म्त्सखेता त्बिलिसीहून वीसेक किलोमीटरवर आहे. ज्वारी आणि स्वेतित्सखोवेली, दोन्ही जागतिक वारसा यादीत, चार तासांत निवांत होतात. वाइन त्बिलिसीतच संध्याकाळी एखाद्या दर लिहिलेल्या बारमध्ये चाखा. मात्र गाइड किंवा रस्त्यात ओळख झालेली एखादी हसरी मुलगी ‘माझ्या ओळखीच्या बारमध्ये चला’ म्हणाली तर जाऊ नका. हा तिथला जुना सापळा आहे, विशेषतः एकट्या पुरुषांसाठी. मेनू नसतो, दोन पेल्यांचं बिल शेकडो लारींचं येतं आणि दाराशी दोन धिप्पाड माणसं उभी राहतात. अडकलात तर मालकासमोरच 112 लावा.

कार्ड मशिनवर ‘लारी की डॉलर’ असं विचारलं तर लारीच निवडा; दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर मशिनवाला ठरवतो. परतताना भारतात माणशी दोन लिटरच दारू शुल्काविना आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आणि वर थोडी जागा. सहा बाटल्यांचा खोका ‘कस्टम्सला काही होत नाही’ म्हणून विकणाऱ्याचं ऐकू नका, आणि ‘घरपोच नाशिकला पाठवतो’ म्हणणाऱ्याला तर पैसेच देऊ नका. पाण्याच्या बाटलीत भरून दिलेली चाचा विमानाच्या सामानात चालत नाही, कारण अशी दारू मूळ सीलबंद बाटलीतच लागते. आणि ती 70 टक्क्यांच्या वर असेल तर सीलबंदही चालत नाही.

फसवणूक झालीच तर त्याच दिवशी तीन गोष्टी गोळा करा: छापील पावती (हाताने लिहिलेल्या चिठ्ठीला बँक विचारत नाही), तो व्हॉट्सॲप मेसेज, आणि तारखेसह तळघराच्या पाटीचा फोटो. कार्डाने दिलेल्या रकमेवर भारतातल्या बँकेकडे वाद दाखल करता येतो. कारण लिहिताना ‘महाग पडलं’ असं नव्हे, तर ‘कबूल केलेली सेवा दिली नाही’ असं लिहा आणि मेसेजमधल्या कोणत्या ओळी पाळल्या नाहीत ते मोजून सांगा. रोख दिलेले 120 लारी मात्र परत येत नाहीत.