मोमेटासोनचा नाकाचा स्प्रे: गुण उशिरा, पण पक्का

‘दोन दिवस मारला, काही फरक नाही’ ही ॲलर्जीच्या सर्दीवरच्या या स्टिरॉइड स्प्रेबद्दलची नेहमीची तक्रार. औषधाचा दोष नाही, त्याची चालच वेगळी आहे.

ॲलर्जीत मास्ट पेशींतून (ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशी) हिस्टामीन हे रसायन सुटलं की काही मिनिटांत शिंका सुरू होतात. आलेली शिंक स्टिरॉइड थांबवत नाही. ते पेशीत शिरून रिसेप्टरला, म्हणजे तिथल्या ठरावीक प्रथिनाला, चिकटतं, ही जोडी केंद्रकात जाते आणि आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ या दाह वाढवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांची निर्मिती मंदावते. आयएल-५ ही इओसिनोफिल या ॲलर्जीत दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची रसद. ती तुटली की या पेशी मरू लागतात. रोजच्या वापराने नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशीही घटतात. म्हणूनच फरक १२ तासांनी जाणवला तरी पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. नाक चोंदण्यावर तर हा नुसत्या अँटिहिस्टामीन गोळीपेक्षा नक्कीच सरस. ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब झटपट नाक मोकळं करतात खरे, पण ते चार-पाच दिवसांपुढे लांबवले की नाक उलट जास्त चोंदतं.

एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम. मोठ्यांना दिवसातून एकदा, प्रत्येक नाकपुडीत २ फवारे.

खरी गडबड मारण्याच्या पद्धतीत होते. औषधाचे कण द्रवात तरंगत असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी बाटली हलवा. नवी असेल तर बारीक तुषार येईपर्यंत, साधारण १० वेळा, हवेत मारा. आधी नाक शिंकरा. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. नाकाच्या मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला की पडदा कोरडा पडतो, खपल्या धरतात आणि घोळणा फुटतो. जोरात हुंगलं तर औषध थेट घशात जातं.

‘स्टिरॉइड’ म्हणून घाबरायचं कारण नाही: गिळलेला भाग यकृत मोडून टाकतं, रक्तात १ टक्क्याहूनही कमी पोचतो. तरी काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. मुलांना दीर्घकाळ द्यायचा असेल तर उंची मोजत राहायलाच हवी.

खटकतं ते बाटलीचं. १२० फवारे महिन्यात संपतात, पण आत द्रव हलताना जाणवतो आणि लोक पुढेही मारत राहतात. तेव्हा मात्रा भरवशाची नसते. सुरू केल्याची तारीख लेबलवर लिहून ठेवा.