अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याआधी: पल्सटूपर्सेप्ट चालवून बघितलं

मामांची नजर काचबिंदूनं गेली त्याला नऊ वर्षं झाली. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत होती. हळकुंड मोडलं की नुसत्या आवाजावरून माल कसा आहे ते सांगायचे. परवा कुणीतरी घरच्या ग्रुपवर ढकललं: मेंदूत चिप बसवली की आंधळ्याला दिसणार, अमेरिकेत मंजुरी मिळाली. मामीचा लगेच फोन. "तू त्या मशीनींचं प्रोग्रॅमिंग करतोस की, जरा बघ खरं काय ते."

मी कुपवाड एमआयडीसीत पीएलसीची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरची, कामं करतो. मेंदूचा आणि माझा संबंध डोकं दुखण्यापुरता. पण बातमी तपासली. सप्टेंबर २०२४ मध्ये 'ब्लाइंडसाइट' नावाच्या या चिपला एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनं, 'ब्रेकथ्रू' दर्जा दिलाय, म्हणजे तपासणीची वाट जरा सोपी केलीय. विकायची परवानगी वेगळी, ती नाही. मग प्रश्न उरला तो मामांचाच: "बसवली समज. दिसणार काय?"

त्याचं उत्तर शोधताना पल्सटूपर्सेप्ट सापडलं. असं इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचं उपकरण, घातलं तर काय दिसेल त्याचं चित्र काढणारं, पायथॉन या संगणकी भाषेतलं फुकट, खुलं सॉफ्टवेअर. मायकेल बेयलर, जेफ्री बॉयंटन, आयोन फाईन आणि एरियल रोकेम यांनी ते २०१७ मध्ये मांडलं, तेव्हा डोळ्याच्या पडद्यावरच्या इम्प्लांटसाठी. पुढे त्यात नजरेचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातला वरचा थर, तोही आला. मामांच्या कामाचा तोच भाग. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच मरते. केबल तुटल्यावर सेन्सर बदलून काय उपयोग? सिग्नल थेट पॅनेललाच द्यायला हवा.

इन्स्टॉल एका ओळीत होतं. बटणं, खिडक्या काही नाहीत, सगळं कोड लिहून. इम्प्लांट निवडायचं, त्यातल्या कुठल्या इलेक्ट्रोडला (करंट सोडणाऱ्या टोकाला) किती करंट ते सांगायचं, मॉडेल 'बिल्ड' करायचं, की त्या माणसाला काय दिसेल त्याचं चित्र येतं. माझं पहिलं चित्र म्हणजे मधोमध एकच पांढरा गोळा. दोन तास मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो. अंतरं मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) द्यायची असतात आणि मी मिलिमीटरमध्ये दिली होती, म्हणजे सगळे इलेक्ट्रोड एकाच जागी रचून ठेवले होते. यात सॉफ्टवेअरची काही चूक नाही.

मग खरी गंमत सुरू झाली. यात 'ओरायन' नावाचं इम्प्लांट तयार मिळतं, ६० इलेक्ट्रोडचं, खरोखर सहा जणांच्या मेंदूवर बसवलेलं. साठही चालू केले. मला वाटलं होतं जुन्या एलईडी बोर्डासारखं चौकोनी जाळं दिसेल. कसलं काय! बारीक ठिपके मध्याजवळ, कडेला जाल तसे फुगत गेलेले, आणि सगळे चित्राच्या एकाच अर्ध्यात. इम्प्लांट मेंदूच्या एका बाजूला असतं आणि उजवी बाजू नजरेचा डावा अर्धा बघते, म्हणून.

ठिपके फुगतात का, ते मला कोड वाचूनच कळलं. मेंदू नजरेला जागा सारखी वाटत नाही. हॉर्टन आणि हॉयट या संशोधकांचं १९९१ चं त्याचं सूत्र आहे. हात लांब करून करंगळीचं नख बघा, ते साधारण एक अंश. नजरेच्या अगदी मधल्या त्या एका नखाला कॉर्टेक्सवर जवळपास १५ मिलिमीटर जागा. तेच नख १० अंश बाजूला सरकवलं की जेमतेम दीड मिलिमीटर. बिगरशेती प्लॉट आणि माळरान यांच्या भावात असतो तसला फरक. म्हणून इलेक्ट्रोड म्हणजे पिक्सेल नव्हे. जास्त घातले की चित्र आपोआप स्वच्छ होतं असंही नाही. बॉयंटन आणि फाईन यांनीच २०२४ मध्ये वेगळ्या सिम्युलेशनमध्ये ४५,००० इलेक्ट्रोड धरून मांजराचा व्हिडिओ दाखवला. मांजर ओळखू येतं, पण धुक्यातलं.

आता तक्रार. साध्या मॉडेलमध्ये 'रो' नावाचा एक आकडा आहे, करंट किती पसरतो त्याचा. कमी केला की ठिपके चांदण्यांसारखे टवटवीत, वाढवला की पिठलं. आकडा ठरवणार कोण? मी. म्हणजे मला पाहिजे तसं चित्र मी मामांना 'दाखवू' शकतो, आणि ग्रुपवर ढकलणाराही दाखवू शकतो. शिवाय हे मॉडेल शेजारच्या ठिपक्यांची नुसती बेरीज करतं. या सॉफ्टवेअरचं चित्र कुणी दाखवलं तर पहिल्यांदा हा आकडा विचारा.

आणि मुख्य अडचण तुमच्या लक्षात आली असेलच. चित्र मला दिसतंय, मामांना नाही. "मध्ये साबुदाणा, कडेला बुंदीचे लाडू" असं सांगून बघितलं. "खायचं सोड, बोल," म्हणाले.

म्हणून रविवारी पुठ्ठा घेतला, फेविकॉल लावला आणि ओरायनचं चित्र चिकटवलं: मध्याजवळ साबुदाणे, पुढे वाटाणे, कडेला राजमा. विश्रामबागेत त्यांच्या घरी नेलं. मामांची बोटं हळद चाळणारी. दोन मिनिटं पुठ्ठाभर फिरली आणि थांबली. "हा अर्धा रिकामा का ठेवलास? दाणे संपले?" मी सांगितलं, खरोखर तसंच असतं. ते गप्प झाले. मग दुसरा पुठ्ठा दिला, त्यावर 'ग' च्या रेघांवर पडणारे तेवढेच दाणे होते. तीनदा चाचपलं. "द? नाही... काय गिचमिड आहे ही."

तेव्हा आठवलं ते सांगितलं. बोचॅम्प, योशोर या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये छापलंय की एकदम सगळे इलेक्ट्रोड पेटवले तर गोळा दिसतो, पण अक्षर काढावं तसे एकामागून एक पेटवले तर माणसं अक्षर ओळखतात. मी मामांच्या तळहातावर बोटानं 'ग' काढला. "ग! हे आधी करायचं नाही का?" याच कारणासाठी मी सॉफ्टवेअरला एक गुण जास्त देतो: इलेक्ट्रोड क्रमानं पेटवून फ्रेम-फ्रेमनं चित्र काढता येतं. ठिपका हळूहळू मावळतो तेही हवं असेल तर यात 'डायनाफॉस' मॉडेल आहे. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर मी त्याच्या वाट्याला गेलो नाही.

कुणी घ्यावं? थोडं पायथॉन येतं आणि घरात असा प्रश्न आहे, त्यानं जरूर. विद्यार्थ्यांनी तर घ्यावंच. पेशंटला थेट दाखवायला कुणी वापरू नये, सोबत समजावणारा माणूस पाहिजेच. पाचपैकी चार.

मी निघताना मामा म्हणाले, "अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीय तुझी मामी. तिलाही चाचपू दे." मामीनं पुठ्ठा हातात घेतला, डोळे मिटले, आणि तो माळ्यावर न टाकता देवळीत उभा करून ठेवला.

पुढच्या रविवारी स्पेनमधल्या एका अंध बाईंना बसवलेलं इम्प्लांट करायचं आहे. त्यात ९६ इलेक्ट्रोड, पण सगळे चार मिलिमीटरच्या चौकोनात. मामी राजमा आणून ठेवते म्हणाली. नको म्हटलं, याला आगपेटीएवढा पुठ्ठा आणि मोहरी पुरेल.